पाठीतल्या पाण्याची भीती आणि निसटणारे तास

"पाठीतलं पाणी काढू देऊ नका, पोरगं कायमचं लुळं पडेल." कोणत्याही सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर पडतेच. ते सांगणारा कधी शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक असतो, कधी गावाहून धावत आलेला मामा असतो. सांगणाऱ्याच्या मनात कपट नसते, काळजीच असते. परंतु त्या एका वाक्यावर आई-बाप घाबरतात, तपासणीला नकार देतात आणि केसपेपरवर अंगठा उठवून मोकळे होतात. इकडे तापाने ग्लानीत गेलेल्या लेकराच्या मेंदूभोवती जंतू वाढतच असतात. मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे डॉक्टर ज्याला मेनिंजायटिस म्हणतात आणि आपण ज्याला सरसकट मेंदूज्वर म्हणतो, त्या आजारात माणूस दगावतो तो जसा जंतूमुळे, तसाच वाया गेलेल्या तासांमुळे. हे तास नेमके कुठे वाया जातात, याचा हिशेब मांडण्याची आज गरज आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. आपला मेंदू आणि त्याच्यापासून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा मज्जारज्जू यांच्यावर तीन पातळ पडद्यांचे आवरण असते. या पडद्यांच्या दरम्यान स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो सुमारे १५० मिलीलिटर असतो. या आवरणांना आणि द्रवाला जंतूंची लागण झाली, की सूज येते, मेंदूवर दाब वाढतो आणि शरीराचा कारभार कोलमडू लागतो. जंतू अनेक प्रकारचे असतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब हे जीवाणू वेगाने घात करतात. क्षयाचा जीवाणू हळूहळू, आठवड्या-आठवड्याने पोखरतो. विषाणूंमुळे होणारा आवरणदाह बऱ्याच वेळा सौम्य असतो आणि आपोआप बरा होतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना बुरशीमुळेही हा आजार होतो. लागण आवरणापुरती न राहता खुद्द मेंदूत शिरली, तर तिला एन्सेफलायटिस म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २५ लाख लोकांना मेनिंजायटिस झाला. त्यातील १६ लाख रुग्ण जीवाणूजन्य प्रकाराचे होते आणि सुमारे २ लाख ४० हजार माणसे दगावली. जीवाणूजन्य प्रकारात सहापैकी एक रुग्ण मरतो. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बहिरेपण, फिट्स, हातापायातील कमजोरी किंवा बुद्धीच्या वाढीतील अडथळा आयुष्यभर सोबत करतो. म्हणजे हा एखाद्याच घरावर कोसळणारा दुर्मीळ प्रकार आहे, असे समजून चालणार नाही.

आता पाठीतल्या पाण्याकडे वळू. मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. डॉक्टर सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. लहान बाळात मज्जारज्जू थोडा आणखी खालपर्यंत असतो, म्हणून त्यांच्यात सुईची जागाही खाली घेतली जाते. तिथे नुसता द्रव आणि त्यात तरंगणारे मज्जातंतू असतात. काढले जाते ते चमचाभर पाणी. शरीर असे पाणी दिवसाला सुमारे ५०० मिलीलिटर नव्याने तयार करते, त्यामुळे काढलेले पाणी काही वेळातच भरून निघते. काही रुग्णांना नंतर दोन-चार दिवस डोके दुखते, कंबर दुखते, हे खरे आहे. परंतु योग्य ठिकाणी, योग्य हाताने केलेल्या या तपासणीने माणूस लुळा पडतो, ही समजूत चुकीची आहे.

मग ही समजूत आली कुठून? ती आभाळातून पडलेली नाही. रुग्णालयात उशिरा पोचलेल्या रुग्णाचे पाणी काढले जाते आणि पुढे तो आजारामुळे लुळा पडतो किंवा मरतो. लोकांना दिसते ते एवढेच, की पाणी काढले आणि माणूस गेला. मधला आजार कोणी समजावून सांगितलेला नसतो. संमतीचा कागद इंग्रजीत असतो, बोलणारा डॉक्टर घाईत असतो आणि "सही करा, नाहीतर घेऊन जा" एवढेच त्याच्या तोंडून निघते. पिढ्यानपिढ्या ज्या माणसाला कार्यालयात, कचेरीत, दवाखान्यात दरडावण्याखेरीज काही मिळाले नाही, तो सुई बघून संशय घेणार नाही तर काय करणार? तेव्हा अडाणीपणाचा शिक्का मारून हात झटकणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात घ्यावे, की पाच मिनिटे मराठीत समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. आणि आपल्या लोकांनीही ध्यानात ठेवावे, की प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, परंतु नुसत्या ऐकीव भीतीवर नकार देणे म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळणे आहे.

कारण या तपासणीशिवाय शत्रू कोण, हेच कळत नाही. पाण्यातील पेशी, साखर आणि प्रथिने मोजून, जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि वाढवून लागण कशाची हे ठरते. क्षयाचा संशय असल्यास सीबीनॅट तपासणी करता येते. विषाणू निघाला तर महागडे प्रतिजैविक थांबवता येते, जीवाणू निघाला तर आठवडा-दोन आठवडे किंवा अधिक काळ शिरेतून औषध द्यावे लागते आणि क्षय निघाला तर उपचार ९ ते १२ महिने चालतो. इतका फरक असताना अंदाजाने औषध देणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे होय. अर्थात मेंदूवरचा दाब फार वाढल्याची चिन्हे असतील, तर डॉक्टर आधी सिटी स्कॅन करतात आणि पाणी नंतर काढतात. परंतु त्यासाठी प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन अडवून ठेवायचे नसते.

पहिला वेळ जातो तो घरात. मोठ्या माणसाला जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे, मान आखडणे आणि हनुवटी छातीला न टेकणे, बडबड किंवा गुंगी, फिट येणे, यातील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो साधा ताप नव्हे. तान्ह्या बाळात लक्षणे वेगळी असतात. बाळ अंगावर पीत नाही, एकसारखे कर्कश रडते किंवा उलट निपचित पडते, उचलले की अधिकच रडते, टाळू फुगून येते, अंग थंडही पडू शकते. बाळाची मान आखडलेली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मेनिंगोकोकसच्या लागणीत अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात आणि ते दाबल्यावर, काचेचा पेला टेकवल्यावरही मावळत नाहीत. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. असे ठिपके दिसले तर एक तासही दवडू नये.

परंतु आकडी आली, डोळे फिरले, माणूस भलतेसलते बडबडू लागला, की आजही कित्येक घरांत पहिली धाव देवऋषाकडे जाते. बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवले जाते, अंगारा लावला जातो, कांदा नाकाशी धरला जातो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे त्यानुसार गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकातून माणसाच्या डोक्यात शिरायला विवेकाला अजून बरीच वाट चालायची आहे. ती वाट चालवण्याचे काम पोलिसांचे नाही, आपले आहे.

दुसरा वेळ जातो गल्लीतल्या दवाखान्यात. ताप आहे म्हटल्यावर एक इंजेक्शन, एक सलाईन आणि पुडीत बांधलेल्या चार रंगाच्या गोळ्या, हा ठरलेला उपचार. त्या गोळ्यांत प्रतिजैविक असेल, तर आजार बरा होत नाही, पण लक्षणे दबतात आणि पुढे पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेनासा होतो. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी माणूस बेशुद्ध होतो. मोठ्या रुग्णालयात जाताना आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. त्यावरून डॉक्टरांना बरेच काही उमगते.

क्षयाच्या मेंदूज्वराची चाल निराळी आहे. तो दबक्या पावलाने येतो. मूल चिडचिडे होते, खेळत नाही, वजन घटते, बारीक ताप राहतो, डोके दुखते, अधूनमधून उलटी होते. शाळेला न जाण्याची नाटके म्हणून त्याला रागावले जाते. दोन-तीन आठवड्यांनी डोळा तिरळा होतो, एक हात-पाय लुळा पडतो, गुंगी येते. तोवर मेंदूतील पाणी तुंबलेले असते आणि शस्त्रक्रिया करून नळी बसवण्याची वेळ येते. उपचार न झाल्यास हा आजार बहुधा जीव घेऊनच जातो. क्षय हा दाटीचा, कुपोषणाचा आणि हवा नसलेल्या खोल्यांचा रोग आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात, त्यातील एक खोकतो आणि त्याचे मोल घरातले सर्वांत लहान लेकरू चुकवते. म्हणून घरात क्षयरुग्ण निघाला, तर घरातील मुलांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध मागून घ्यावे. ते सरकारी केंद्रात मोफत मिळते. जन्मताच दिली जाणारी बीसीजी लस मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून बऱ्याच अंशी वाचवते, हेही विसरू नये.

आणखी एका गोष्टीकडे आपण सर्रास दुर्लक्ष करतो. ती म्हणजे वाहता कान. पोराचा कान वाहतो, वास येतो, आई त्यात गरम तेल सोडते आणि वर्षानुवर्षे ते तसेच चालते. कानाच्या हाडातून ही लागण मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते, मेंदूत पू साचू शकतो. कान वाहणे हे लहान मुलांचे नेहमीचे दुखणे नव्हे, तो उपचाराने थांबवण्याचा आजार आहे. तसेच दीर्घकाळची पाठदुखी, बारीक ताप आणि पायातील जोर जाणे ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. तिथे मालीश करणाऱ्याकडे फेऱ्या मारण्यात मज्जारज्जू दबत जातो.

विदर्भाच्या वाचकांना चांदीपुरा हे नाव ठाऊक असेल. १९६५ साली नागपूरजवळच्या याच गावातील तापाच्या रुग्णांमध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठले आणि १८३ मुले दगावली. २०२४ साली गुजरातेत पुन्हा त्याचा उद्रेक झाला. त्यावर लस नाही, नेमके औषध नाही. तो पसरवणारी वाळूमाशी राहते कुठे? मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत. पक्के घर, भिंतींना गिलावा आणि वेळेवर फवारणी हेच त्यावरचे संरक्षण आहे. म्हणजे घरकुलाची यादी अडवणारा माणूस आरोग्याचीही वाट अडवत असतो.

लसीची गोष्ट तर आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेनिंजायटिसचा पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. त्या देशांसाठी परवडणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए प्रकारच्या मेनिंगोकोकसचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. पाच प्रकारांवर चालणारी नवी लसही पुण्याचीच. २०२४ साली नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरात आणली. गरिबांसाठी लस बनवायची म्हटले तर ती बनते आणि पोचवायची म्हटले तर ती पोचते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आपल्याकडे हिबवरची लस पेंटाव्हॅलेंटच्या रूपाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना ती दिली जाते. खासगीत एका डोसला हजारो रुपये मोजावे लागणारी न्यूमोकोकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर मोफत झाली. तिचे डोस दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नववा महिना पूर्ण झाल्यावर असतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीनंतर फडावर असते, वीटभट्टीवरच्या मजुराचे मूल गावात नसते. गावातील यादीत ते स्थलांतरित म्हणून खोडले जाते आणि कारखान्याच्या गावात ते पाहुणे ठरते. दोन याद्यांच्या मधल्या फटीत त्याचा डोस पडून जातो. म्हणून लसीकरणाचे कार्ड बिऱ्हाडाबरोबर न्यावे आणि जिथे असाल तिथल्या केंद्रात उरलेला डोस मागावा. उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे. राहिलेले डोस पुढे देण्याची सोय आहे. कारखाना सुरू होण्यापूर्वी टोळीतील मुलांची यादी त्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवणे आणि फडावर लसीकरणाचे सत्र घेणे, हे शासनाला अशक्य नाही. इच्छा हवी.

तिसरा वेळ जातो तो रुग्णालयांच्या दारात. ग्रामीण रुग्णालय उपजिल्ह्याला पाठवते, उपजिल्हा जिल्ह्याला, जिल्हा मेडिकल कॉलेजला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी रांग, नवा "खाट नाही"चा जप. जीवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये संशय येताच प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायचा असतो आणि पुढे पाठवताना तर तो देऊनच पाठवायचा असतो. नुसती चिठ्ठी देऊन रुग्ण वाटेला लावणे म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला. डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले होते. तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले आणि त्याला २५ हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ सांगतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. मोफत असणे चांगलेच, परंतु औषध कपाटात असणे, रात्री दोन वाजता डॉक्टर जागेवर असणे आणि पाणी तपासणारी प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशीही चालू असणे, यावरच त्या मोफतपणाची किंमत ठरते. आपल्या आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला हे प्रश्न विचारले पाहिजेत. कमानी आणि सभामंडपांच्या मागण्या पुष्कळ झाल्या.

रुग्ण घरी आला म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. या आजारात कानाची नस दुखावते. मूल नुसतेच गप्प झाले, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याला ऐकू येत नसते. म्हणून रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वी, किंवा उशिरात उशिरा चार आठवड्यांच्या आत कानाची तपासणी करून घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. घाई अशासाठी, की या आजारानंतर आतल्या कानात हाड वाढू लागते आणि मग कॉक्लिअर यंत्र बसवणे अवघड होते. अपंगत्व राहिलेच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र काढावे. त्यावर मोफत शिक्षणाचा आणि नोकरीतील ४ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

एक गोष्ट शेजाऱ्यांसाठी. वस्तीत मेंदूज्वराचा रुग्ण निघाला, की त्या घराशी व्यवहार तोडण्याची घाई होते. हा आजार नुसत्या स्पर्शाने पसरत नाही. मेनिंगोकोकसची लागण असेल तर घरातील आणि अगदी निकटच्या माणसांना प्रतिबंधक औषध दिले जाते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. बाकी बहिष्काराची झळ काय असते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको. ती आपल्या हातून दुसऱ्याला लागू नये.

वस्तीतल्या मंडळांनी आणि महिला बचत गटांनी एवढे काम हाती घ्यावे. समाजमंदिराच्या, विहाराच्या फळ्यावर या आजाराची लक्षणे मोठ्या अक्षरात लिहावीत. आशा सेविकेला बोलावून पाच वर्षांखालील मुलांची लसीकरणाची कार्डे एका रविवारी तपासून घ्यावीत. १०८ क्रमांक आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता तरुणांना माहीत असावा. आणि एक शिकलेला, धीट कार्यकर्ता रुग्णाबरोबर जावा, जो डॉक्टरांशी नीट बोलेल, संमतीचा कागद वाचून घेईल आणि घाबरलेल्या बापाला सांगेल, "काढू द्या पाणी. त्याने पोरगं लुळं पडत नाही. उशीर केला तर मात्र पडेल."